रत्नागिरी शहर बस: थांबे, वेळापत्रक आणि ट्रॅकर (प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५)

१६ जून

काम असं आहे. रत्नागिरीतल्या एसटीच्या शहर बसचे थांबे जागेवर जाऊन मोजायचे, फेऱ्यांचं वेळापत्रक जीटीएफएस (थांबे आणि वेळा संगणकाला वाचता येतील असं ठरलेलं फाइल-स्वरूप) या स्वरूपात आणायचं आणि कॉलेजच्या स्वतःच्या बसवर ट्रॅकर बसवून ‘गाडी कुठवर आली’ हे दाखवायचं. दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टचे दोन श्रेयांक, म्हणजे प्रात्यक्षिकाचे ६० तास, याला दिले आहेत. चिपळूण, दापोली, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही गावच्या कॉलेजला हे काम उचलता यावं म्हणून या नोंदी.

क्रम मात्र बदलू नका. आधी थांबे, मग वेळापत्रक, यंत्र सगळ्यात शेवटी. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हातात सर्किट बोर्ड दिला की अख्खं सत्र सोल्डरिंगमध्ये जातं आणि शेवटी नकाशावर फिरणारा एक ठिपका हाती लागतो. तो ठिपका कुठल्या फेरीचा, पुढच्या थांब्यावर कितीला यायला हवा, हे वेळापत्रकाशिवाय कोणी सांगू शकत नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ठिपक्याशी देणंघेणं नसतं, त्याला वेळ हवी असते.

एसटीच्या गाडीत वायर, डबा, चिकटपट्टी काहीही लावायचं नाही. सार्वजनिक वाहनांसाठी एआयएस-१४० मानकाचं ट्रॅकिंग यंत्र असतं, त्याच्या आसपासही जायचं नाही. विद्यार्थी तिकीट काढून प्रवासी म्हणून बसतील आणि नोंद फोनवर होईल. काय करणार आहोत याचं पत्र आगारात दिलं. त्याची एक प्रत प्रत्येक गटाकडे ठेवा. वही घेऊन दर थांब्याला काहीतरी लिहिणाऱ्या मुलांना वाहक विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं.

२० जून

पहिला मार्ग: बसस्थानक, माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव, रेल्वे स्टेशन. चार-चार जणांचे गट. एकजण फोन सांभाळतो, एकजण वही, दोघं चढणारे-उतरणारे मोजतात. दर फेरीला कामं बदलायची.

थांबा म्हणजे नकाशावरचा एक बिंदू नव्हे. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन थांबे, म्हणून दोन नोंदी आणि दोन वेगळे क्रमांक. नाव दोन्हीकडे ‘साळवी स्टॉप’ असलं तरी चालेल, वर्णनात ‘कुवारबावकडे जाताना’ आणि ‘स्थानकाकडे येताना’ लिहायचं. एकच बिंदू ठेवला तर मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर प्रवाशाला रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं करतं.

अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर पाच आकडे ठेवून लिहा. चौथा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर, पाचवा म्हणजे सुमारे एक मीटर. दोन बाजूंच्या थांब्यांत अंतरच १५-२० मीटरचं असतं. स्प्रेडशीटमध्ये तो रकाना आपोआप चार आकड्यांवर आला आणि तसाच सेव्ह झाला तर समोरासमोरचे थांबे एकमेकांना चिकटतात. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठेवावा.

बिंदू गुगलच्या नकाशावरून उचलायचे नाहीत. हे थांबे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चढवायचे आहेत आणि तिथे दुसऱ्याच्या नकाशातून नक्कल चालत नाही. पायाने जाऊन घेतलेलीच नोंद.

२७ जून

पाऊस धरला आणि कोरड्या दिवशी घेतलेले काही बिंदू बाद झाले.

कारण साधं आहे. पाटी आहे तिथे आडोसा नाही. पाऊस आला की माणसं जवळच्या दुकानाच्या पत्र्याखाली सरकतात आणि चालक गाडी तिथेच आणून उभी करतो. पाटी एकीकडे, दार उघडतं दुसरीकडे. एका ठिकाणी तर पाटीच नाही. चिऱ्याचा बसका कट्टा, त्यावर दोन पिशव्या आणि एक मिटलेली छत्री, एवढ्यावर थांबा ओळखायचा. रोजच्या माणसाला तो पक्का माहीत असतो, नवख्याला कळण्याची काही सोय नाही.

नियम ठरवला: बिंदू पाटीचा नाही, गाडीचं दार जिथे उघडतं तिथला. प्रत्येक थांबा दोन वेगळ्या गटांनी, दोन वेगळ्या दिवशी घ्यायचा. त्यातला एक दिवस पावसाचा. दोन नोंदींत १५ मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा गट जाऊन पाहतो. पावसाळी जागा खरोखर वेगळी असेल तर ती वर्णनात लिहितो, वेगळा थांबा करत नाही.

वही पावसात टिकत नाही. लिहायच्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पेन्सिल, एका फेरीला एक सुटा कागद. बॉलपेन ओल्या कागदावर उठतच नाही.

४ जुलै

फोनवरच्या नोंदींत दोन भानगडी निघाल्या. दोन्ही कुठेही होतील अशा.

पहिली वेळेची. जीपीएक्स फाइलमधली (फोनने नोंदवलेल्या मार्गाची फाइल) वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५:१० ची गाडी फाइलमध्ये आदल्या दिवशीच्या २३:४० ला दिसते. दिवसभराच्या फेऱ्यांत हे नुसता आकडा चुकल्यासारखं वाटतं, पण पहाटेच्या फेऱ्यांचा वारच बदलतो आणि सोमवारच्या गाड्या रविवारच्या खात्यात जातात. फाइल उघडल्यावर पहिलं काम साडेपाच तास मिळवण्याचं, बाकी सगळं नंतर. हे हाताने करू नका. एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या गटांना तीच द्या.

दुसरी, तुटलेल्या नोंदी. स्क्रीन बंद झाली की काही मिनिटांत अँड्रॉइड मागे चाललेलं ॲप झोपवतं. मार्ग नकाशावर ओढला की सरळ रेघा दिसतात, घरांवरून आणि बागांतून गेलेल्या. ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करावं आणि स्थान वापरायची परवानगी ‘नेहमी’ द्यावी. फोन खिशात न ठेवता खिडकीशी धरावा, कारण पत्र्याच्या टपाखाली मध्यभागी सिग्नल भटकतो. नोंद दर ५ सेकंदांनी पुरते. दर सेकंदाची घेऊन फाइल फुगते, अचूकता वाढत नाही.

या दोन गोष्टींत गेलेला वेळ वाचवायचा असेल तर पहिल्या दिवशी सगळ्यांना कॉलेजच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालायला लावा आणि तीच फाइल वर्गात उघडा.

११ जुलै

वेळापत्रक. पूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त डोकं इथे लागतं.

स्थानकावरच्या फलकाचे फोटो काढले. फलक चकाकतो म्हणून तिरकस उभं राहून, तुकड्या-तुकड्यांत. दोघांनी स्वतंत्रपणे उतरवून घ्यायचं आणि मग दोन फाइली संगणकाने ताडायच्या. एकाने वाचून दुसऱ्याने लिहिलं तर चूक दोघांची एकच होते आणि सापडत नाही. शंका असेल तिथे नियंत्रण कक्षात विचारायचं. तिथे उत्तर लगेच मिळतं, फक्त गाड्या सुटायच्या गर्दीत जाऊ नये.

जीटीएफएस म्हणजे एका झिप फाइलमधल्या काही साध्या मजकूर फाइली: संस्था, थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यांवरच्या वेळा, दिनदर्शिका. एवढ्यावर काम चालतं. आपल्याकडच्या गाड्या त्यात बसवताना जे अडतं ते असं:

*वस्तीची गाडी.* संध्याकाळी गावात जाते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटे निघते. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरची वेळ २५:१० अशी लिहिता येते, म्हणून जाणं-येणं एकच फेरी करून परतीला २९:४५ लिहायचा मोह होतो. तसं केलं तर सॉफ्टवेअर प्रवाशाला रात्रभर गाडीत बसवून ठेवतं. दोन फेऱ्या करायच्या. दिनदर्शिकाही दोन लागतात: संध्याकाळची फेरी सोमवार ते शनिवार असेल तर पहाटेची मंगळवार ते रविवार. रविवारी गाडी गावात गेलेलीच नसते, मग सोमवारी पहाटे ती तिथून निघणार कुठून? वस्तीच्या गाड्यांच्या या जोड्या प्रत्येक फाइलीत हाताने तपासा.

*‘मार्गे’.* पाटीवर शेवटचं गाव एकच, पण रस्ता वेगळा. मार्ग एक ठेवला तरी फेरीचा आकार (नकाशावरची रस्त्याची रेघ) आणि थांब्यांची यादी प्रत्येक ‘मार्गे’साठी वेगळी द्यावी लागते. नाही दिली तर न जाणाऱ्या थांब्यावर गाडी दिसते आणि माणूस वाट बघत उभा राहतो. आमच्या मते चुकीच्या माहितीत ही सगळ्यात वाईट.

*हात दाखवा, गाडी थांबवा.* गावाकडच्या रस्त्याला गाडी दोन थांब्यांच्या मध्येही थांबते. यासाठी जीटीएफएसमध्ये सोय आहे: ‘कंटिन्युअस पिकअप’ आणि ‘कंटिन्युअस ड्रॉप ऑफ’. त्यात ० म्हणजे वाटेत कुठेही चढता-उतरता येतं, १ किंवा रिकामं म्हणजे नाही. हे ० आणि १ उलट वाटतात आणि हमखास उलटे भरले जातात. गर्दीच्या शहरी भागात १, पुढे वाडीवस्तीच्या रस्त्याला ०. हे थांब्यांच्या वेळांच्या फाइलीत तुकड्यागणिक बदलता येतं.

*मधल्या थांब्यांच्या वेळा.* फलकावर सुटण्याची वेळ असते, मधल्यांची नाही. मधल्या वेळा अंदाजाने भरून त्या पक्क्या म्हणून दाखवू नका. ‘टाइमपॉइंट’ रकान्यात ० लिहिलं की वेळ अंदाजे आहे हे यंत्राला कळतं. पहिल्या आणि शेवटच्या थांब्याला मात्र वेळ लागतेच.

वेळक्षेत्र एशिया/कोलकाता, मार्गाचा प्रकार ३ (बस). थांब्यांची नावं देवनागरीत, फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी नीट साठवणारी अक्षरपद्धत). स्प्रेडशीटमधून सेव्ह करताना ०५:४५:०० चं ५:४५ होऊन सेकंद गळतात आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. वेळांची फाइल शेवटी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघायचीच.

१८ जुलै

मोबिलिटीडेटा या संस्थेचा जीटीएफएस तपासनीस (फाइलीतल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर) चालवला. तो फुकट आहे आणि आपल्याच संगणकावर चालतो. लाल त्रुटी आधी, पिवळ्या सूचना नंतर. त्यातली ‘दोन थांब्यांमधला वेग फार’ ही सूचना दुर्लक्षून चालत नाही. ती आली की बहुतेक वेळा थांब्यांचा क्रम उलटा लागलेला असतो किंवा समोरच्या बाजूचा क्रमांक पडलेला असतो.

तपासनीस शुद्धलेखन बघतो, खरेखोटेपणा नाही. बंद झालेली फेरीही तो बिनतक्रार पास करतो. म्हणून प्रत्येक मार्गाची फाइल छापून त्याच गाडीत बसायचं आणि टिक करत जायचं.

२५ जुलै

आता यंत्र. कॉलेजच्या बसवर, २४ व्होल्टची गाडी. ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, निओ-६एम जीपीएस, ए७६७०सी हा ४जी मॉड्यूल.

त्याऐवजी एसआयएम८००एल हा मॉड्यूल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो फक्त २जी आहे आणि जिओचं २जी जाळंच नाही. इतर कंपन्यांच्या कार्डावर आज चालेल, पण नवीन कामाला आता ४जीच घ्यावं.

वीजपुरवठ्यात सर्वाधिक भाग जळतात. नेहमीचा एलएम२५९६ बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा) ४० व्होल्टपर्यंत चालतो, कमाल सहनमर्यादा ४५. अल्टरनेटर चार्ज करत असताना अचानक भार सुटला की लाइनवर मोठा झटका येतो. त्यासाठी टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज दाबणारा) लावतात, आणि तिथेच गफलत होते. एसएमबीजे३३ए झटका दाबतो तो ५३ व्होल्टपर्यंत. म्हणजे डायोड आपलं काम चोख करतो आणि तरीही मागचा एलएम२५९६ जातो. खालचा एसएमबीजे२६ए घ्यावा तर चालू गाडीत लाइनच २८ व्होल्टच्या पुढे असते, तो सतत वीज ओढून तापतो. उपाय: एसएमबीजे३३ए आणि त्यामागे एलएम२५९६एचव्ही, जो ६० व्होल्ट सोसतो. किमतीतला फरक किरकोळ. २४ व्होल्टच्या बाजूला १ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीकडच्या टोकाला, डब्याकडच्या नाही.

बोर्ड मधूनच रीसेट होत असेल आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी संगणकावरची खिडकी) ‘ब्राउनआउट’, म्हणजे व्होल्टेज फार पडल्याची खूण, दिसत असेल तर कोडमध्ये शोधू नका. ४जी मॉड्यूल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो आणि बारीक जंपर वायरीत व्होल्टेज पडतं. मॉड्यूलच्या पिनांलगत १००० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर आणि जाड, आखूड वायर.

१ ऑगस्ट

मासेमारीबंदी काल संपली. १ जून ते ३१ जुलै या काळात घेतलेली प्रवासी मोजणी मिरकरवाड्याच्या बाजूला वर्षभराची म्हणून वापरू नका. बंदर सुरू झालं की पहाटेच्या फेऱ्यांत माणसांबरोबर टोपल्याही येतात आणि थांब्यावर गाडी उभी राहायचा वेळ बदलतो. आजपासून वेगळा तक्ता.

मोजणी हातानेच. दारावर कॅमेरा लावून मोजायची कल्पना वर्गातून आली, ती बाजूला ठेवली. लोकांचे चेहरे साठवण्याचा अधिकार कॉलेजला कोणी दिलेला नाही. एकजण चढणारे, एकजण उतरणारे. शेवटच्या थांब्यावर गाडीतली बेरीज शून्य यायला हवी, आणि वाटेत कुठेही उणे प्रवासी येता कामा नयेत. फरक एक-दोनचा असेल तर तो जसा आहे तसा लिहा, जुळवून घेऊ नका. जुळवलेला तक्ता मार्क कमी करतो, फरक दाखवणारा करत नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, आणि नकाशावर कॉलेजची बस विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून १५ किलोमीटर आत समुद्रात.

जीपीएस मॉड्यूल अक्षांश १६५९.४००० असा देतो. हे १६.५९४ अंश नाहीत. पहिले दोन आकडे अंश, उरलेले मिनिटं: १६ अधिक ५९.४ भागिले ६०, म्हणजे १६.९९. रेखांशात पहिले तीन आकडे अंश: ०७३१८.६००० म्हणजे ७३.३१. भागाकार राहिला की अक्षांश सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला जातो आणि रेखांश पाण्यात. एका दृष्टीने किनाऱ्यावर काम करण्याचा हा फायदाच, चूक लपत नाही. देशावर हीच गाडी कुठल्यातरी शेतात दिसली असती आणि कदाचित खपून गेली असती.

१४ ऑगस्ट

दर १० सेकंदांनी स्थान पाठवायचं, दिवसाचे १४ तास: ५०४० संदेश. प्रत्येक वेळी नवी एचटीटीपीएस (वेबसाइटसारखी सुरक्षित) जोडणी उघडली तर हस्तांदोलनासकट (जोडणी जुळवतानाची देवाणघेवाण) एका संदेशाला ५ किलोबाइटच्या आसपास जातात, म्हणजे दिवसाला २५ एमबी. तेच एमक्यूटीटीवर (छोटे संदेश पाठवायची हलकी पद्धत) जोडणी उघडी ठेवून केलं तर दिवसाला १ एमबीच्या घरात. खर्चापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कमी सिग्नलमध्ये नवी जोडणी जुळत नाही, जुनी तग धरते.

सर्व्हर कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवायचा बेत सोडला. बाहेरून पोचता येईल असा आयपी पत्ता नाही आणि पावसात वीज जाते. महिना पाचशे रुपयांच्या आसपास भाड्याचा छोटा सर्व्हर, त्यावर मॉस्किटो, म्हणजे एमक्यूटीटीचे संदेश घेणारं सॉफ्टवेअर.

खोलगट भागात सिग्नल जातो तेव्हाचे संदेश बोर्डवर साठवून नंतर पाठवायचे. त्यासाठी एसडी कार्ड नको, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्याचे संपर्क सुटतात. बोर्डवरच्याच फ्लॅशमध्ये जागा पुरते.

२२ ऑगस्ट

डबा आयपी६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बंद) होता, तरी आत पाणी. पाणी बाहेरून आलं नव्हतं. दिवसा तापलेली दमट हवा रात्री थंड होऊन आतच दव धरते. बोर्डावर ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ लेप) दोन हात (कनेक्टर आणि अँटेना झाकून), सिलिका जेलची पुडी, वायरीची ग्लँड (वायर आत घेणारं घट्ट बूच) खालच्या बाजूला, आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा, म्हणजे थेंब तिथून गळतो.

फटी बुजवायला हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ते नको. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांबं हिरवं पडतं. खाऱ्या हवेत तर लवकरच. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. जंपर वायरी काढून सगळं सोल्डर केलं. कोकणात जंपर फक्त टेबलावर वापरायचा.

थांब्यावर पोचल्याची ओळख: ‘३० मीटरच्या आत आणि वेग शून्य’ हा नियम शहर बसच्या फोन-नोंदींवर चालवला तर बरेच थांबे सुटतात. वाहक विचारतो, “साळवी स्टॉप आहे का कोण?” कोणी बोललं नाही आणि खाली कोणी उभं नसलं तर गाडी थांबत नाही, हळू होऊन पुढे जाते. वेगाची अट काढली. बिंदूच्या सर्वांत जवळून गेल्याची वेळ तीच पोचल्याची वेळ. समोरासमोरच्या थांब्यांत निवड अंतरावर नाही, प्रवासाच्या दिशेवर. बसस्थानकाला वर्तुळ चालत नाही, गाडी आत वळते, मागे घेते, पुन्हा लागते आणि तीनदा पोचल्याची नोंद होते. तिथे हाताने काढलेली बहुभुज हद्द, आणि फक्त पहिला प्रवेश व शेवटचं बाहेर पडणं.

१२ सप्टेंबर

२७ ऑगस्टला गणपती आले. त्या काळातला डेटा सरासरीत मिसळायचा नाही. जादा गाड्या, चाकरमान्यांची गर्दी, शाळा बंद. दिनदर्शिकेच्या अपवाद-फाइलीत शाळेच्या फेऱ्या त्या तारखांना २ (बंद) म्हणून टाकल्या. १ म्हणजे त्या दिवशी जादा. जादा गाड्या मात्र फाइलीत घातल्या नाहीत. त्या गरजेनुसार सुटतात, आधी लिहून ठेवल्या तर खोट्या ठरतील.

२६ सप्टेंबर

गुण कशाला द्यायचे याचा तक्ता, पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी द्यावा असा: मूळ कागद आणि कच्च्या फाइली ४०, दुसऱ्या गटाच्या नोंदी तपासून दिलेला लेखी शेरा २०, वेळापत्रकाची फाइल २०, तोंडी २०. सादरीकरणाच्या स्लाइडला गुण नाहीत. तोंडी परीक्षेत स्वतःच्या फाइलीतली एक ओळ उघडायची आणि ‘इथे काय घडलं?’ एवढंच विचारायचं. जो गाडीत बसला होता त्याला सांगता येतं.

सर्वांत चांगलं शिक्षण दुसऱ्याच्या नोंदी तपासण्यात झालं. १५ मीटरचा फरक का आला हे शोधायला दोन गट पावसात एकाच कट्ट्यापाशी जाऊन उभे राहतात, ते कुठल्याही व्याख्यानाने साधत नाही.

१० ऑक्टोबर

एका ट्रॅकरचा खर्च: ईएसपी३२ सुमारे ४०० रुपये, जीपीएस ३५०, ४जी बोर्ड १४००, पुरवठ्याचे भाग २००, डबा-ग्लँड-कोटिंग ६००. साधारण तीन हजार, कुरिअर वेगळं. पुरवठ्याचे भाग दुप्पट मागवा. एक जळला आणि दुसरा मुंबईहून यायचा असला की काम आठवडाभर थांबतं. थांबे आणि वेळापत्रक यांचा खर्च तिकिटांएवढाच.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक यंदा १५ जून ते २० ऑक्टोबर. म्हणून रेल्वे स्टेशनच्या फेऱ्यांच्या दिनदर्शिकेची शेवटची तारीख २०२५१०२० टाकली आहे, त्यापुढची मुद्दाम नाही. २१ तारखेला दोघांनी स्टँडवर जाऊन फलक पाहायचा, नियंत्रण कक्षात विचारायचं, बदल असेल तर वेळा बदलायच्या, नसेल तर फक्त तारीख पुढे न्यायची आणि तपासनीस चालवून फाइल चढवायची.